सगळ्यांना विचारायचं, की संशय आला तरच?

तपासणीला आलेल्या गरोदर बाईला 'घरी कुणी मारतं का?' हे कधी विचारायचं, यावर दोन मतं आहेत. ब्रिटनमध्ये मिडवाइफ (गरोदरपण-बाळंतपण बघणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका) सरसकट प्रत्येकीला विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या सूचनांत सरसकट विचारण्याची शिफारस केली नाही. खुणा दिसल्या तर विचारा, आणि गरोदरपणात विचारायचंच तर आधी एकांत, प्रशिक्षण आणि पुढे पाठवायची सोय हवी, असं तिचं म्हणणं.

सरसकट विचारण्यात एक मोठा फायदा आहे: 'आम्ही सगळ्यांनाच विचारतो' म्हटलं की बाईला बोट दाखवल्यासारखं वाटत नाही. खुणांवर विसंबलं तर मुका मार, पैशांची कोंडी, जबरदस्तीचा संबंध सुटून जातो. पण आपल्या ओपीडीत एका टेबलाशी तीन बायका, मागे सासू उभी. तिथे विचारणं म्हणजे तिला घरी आणखी मार खायला पाठवणं. नवराच सगळी उत्तरं देत असेल तर वजन करायच्या निमित्ताने तिला पडद्याआड न्यावं. तिने सांगितलेलं माता-बाल कार्डावर मात्र लिहू नये. ते कार्ड घरी सगळे वाचतात.

माझा कौल सरसकटकडे, पण दार बंद होत असेल तरच. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा'सारखं, हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं केंद्र जवळ नसेल, तर निदान १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला तोंडपाठ करून द्यावा. तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं. ती अठराच्या आतली असेल तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे तिला बोलतं करण्याआधीच सांगावं.