घर वाचवून देतो म्हणाला आणि ५,७०० डॉलर घेऊन गेला

परवा गणपतीच्या आरतीला तो माणूस परत दिसला. प्रसादाच्या रांगेत एका ताईंशी हळू आवाजात बोलत होता, "ताई, तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे माणूस आहे." हेच वाक्य त्याने मला दादा लावून ऐकवलं होतं. त्या ताईंना मी नंतर गाठलं, जे सांगायचं ते सांगितलं, पण घरी आल्यावर ही म्हणाली की किती जणांना असं रांगेत गाठून सांगणार आहात, सरळ लिहून टाका. म्हणून लिहितोय. मोठं आहे, पण ज्याच्या घरावर हप्ते थकल्याची नोटीस आलीय त्याने पूर्ण वाचा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मिडलसेक्स काउंटीत. मी आयटीवाला नाही हे आधीच सांगतो, कारण इथला मराठी माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दोन गाड्या, मोठ्ठं घर आणि दरवर्षी भारतवारी येते. मी वेअरहाऊसमध्ये काम करतो, ही डेकेअरमध्ये मदतनीस आहे. थोरल्या भावाने स्पॉन्सर केलं होतं, कित्येक वर्षं नंबर लागायची वाट बघितली मग आलो. २०१७ मध्ये एक छोटं टाऊनहाऊस घेतलं, एफएचए लोनवर, म्हणजे केंद्र सरकारचा विमा असलेलं घरकर्ज, साडेतीन टक्के डाउन पेमेंट. हप्ता टॅक्स-इन्शुरन्ससकट २,१४० डॉलर. इथला प्रॉपर्टी टॅक्स काय आहे ते जर्सीवाल्यांना सांगायला नको.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पॅलेट उतरवताना माझा खांदा गेला. वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावर दुखापत झाली की मिळते ती भरपाई, मिळालं, पण ते पगाराच्या सत्तर टक्के, आणि आमचं घर चालायचं ते ओव्हरटाइमवर. डिसेंबरचा हप्ता चुकला. जानेवारीत म्हटलं निदान अर्धा तरी भरू, ११०० चा चेक पाठवला, तर तो बँकेने परत पाठवला, का तर पूर्ण रक्कम नाही. मला तेव्हा कळेचना, अरे मी पैसे देतोय आणि तुम्ही नको म्हणताय? मग तेच पैसे गॅसबिल आणि गाडीच्या दुरुस्तीत गेले आणि पुढे दर महिन्याला भोक मोठंच होत गेलं.

भाऊ दहा मैलांवर राहतो. त्याला सांगितलं नाही. ज्याने आणलं त्यालाच काय सांगायचं की मला हप्ता झेपत नाहीये. कुणालाच सांगितलं नाही खरं तर, मित्रांनी भिशी सोडली का विचारलं तरी काहीतरी थाप मारली. बँकेची पाकिटं यायची ती न उघडता मायक्रोवेव्हवरच्या बिस्किटाच्या डब्यात. उघडून काय होणार, आकडा तर माहीतच आहे, असं वाटायचं. या डब्याचं पुढे सांगतो.

एप्रिलमध्ये कोर्टात जाणार असल्याची नोटीस आली, ती इथे कायद्याने तीस दिवस आधी द्यावीच लागते. ऑगस्टच्या शेवटी एक माणूस दारात येऊन कोर्टाचे कागद देऊन गेला. फोरक्लोजर कंप्लेंट, म्हणजे थकलेल्या कर्जापायी घर लिलावात काढण्यासाठी बँकेने केलेला दावा. आणि इथून गंमत सुरू झाली. केस दाखल झाली की ते पब्लिक रेकॉर्ड होतं, कुणीही बघू शकतं की अमुक घरावर केस आहे, हे मला माहीत नव्हतं. एका आठवड्यात मेलबॉक्समध्ये 'घर वाचवून देतो' म्हणणाऱ्यांची अकरा पत्रं. हिने मोजली. एकावर गरुडाचा शिक्का, अगदी सरकारी वाटावं असं, एकावर लाल अक्षरात शेवटची सूचना, एकात आमच्या बँकेचं नाव आणि लोनची रक्कमसुद्धा बरोबर. मी घाबरलो की सगळ्या गावाला कळलंय.

सप्टेंबरमध्ये गणपती होते. तिथे हा भेटला. आधी तोंडओळख होती, पंगतीत वाढायला वगैरे पुढे असतो, सगळ्यांना दादा-ताई. मला बाजूला घेऊन म्हणाला की दादा वाईट वाटून घेऊ नका पण मला कळलं, आपल्यातल्या चार-पाच जणांचं काम मी करून दिलंय. आता विचार केला तर त्याला कळलं कुठून हा प्रश्न पडायला हवा होता. तेव्हा उलट बरं वाटलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा कुणाशीतरी मराठीत या विषयावर बोललो होतो.

त्याचा 'माणूस' म्हणजे एक कंपनी होती, नावात लॉ होतं, ऑफिस दुसऱ्या राज्यात. सांगितलं असं की यांचे वकील बँकेशी बोलून हप्ता १,४०० वर आणतील, गॅरंटी, नाही झालं तर पैसे परत. फाइल उघडायचे २,५०० डॉलर, कॅशियर्स चेकनेच. मग दर महिन्याला ८०० 'ट्रायल पेमेंट' म्हणून त्यांना द्यायचे, बँकेला नाही. मी विचारलं बँकेचा हप्ता? तर म्हणाला, भरू नका, भरलात तर बँक म्हणेल यांना झेपतंय, मग सूट कशाला देतील. ऐकायला किती पटतं बघा! आणि बँकेचा फोन उचलायचा नाही, पत्र आलं तर उघडायचं नाही, सरळ आमच्याकडे द्या. कोर्टाच्या कागदांवर उत्तर द्यायला ३५ दिवस असतात, ते समन्सही तो घेऊन गेला, वकील बघतील म्हणून. वकिलांनी काही बघितलं नाही. कोर्टामार्फत बँकेबरोबर मीडिएशन, म्हणजे मध्यस्थासमोर बोलणी, मागता येतं हेही कळलं तेव्हा वेळ टळली होती.

२,५०० आणि चार वेळा ८००, मिळून ५,७००. हिच्या दोन बांगड्या त्यात आहेत.

जानेवारी २०२४, शनिवार, बाहेर बर्फ. तो घरी आला, बरोबर एक नोटरी बाई. म्हणाला अभिनंदन, बँक तयार झालीय, फक्त पेपरवर सह्या राहिल्यात. जाड गठ्ठा, जिथे सही करायची तिथे पिवळे टॅग चिकटवलेले. मी पेन घेतलं आणि सुरूच केलं, तीन-चार सह्या झाल्याही. ही पोहे देत होती. हिचे वडील आमच्याकडे मिरज तालुक्यात तलाठी होते, लहानपण सगळं सातबारा आणि फेरफार ऐकण्यात गेलंय. इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं, पण कागद हातात आला की आधी नावं बघते, देणार कोण आणि घेणार कोण. तिने प्लेट ठेवली, एक कागद ओढला आणि मला मराठीत विचारलं, "अहो, हे खरेदीखत आहे ना? यात घर देणारे आपण दोघं आहोत. घेणारी ही कुठली कंपनी?"

क्विटक्लेम डीड होतं ते. म्हणजे या घरावरचा आमचा हक्क आम्ही सोडला, किंमत एक डॉलर.

तो हसला, म्हणाला वहिनी ती फॉर्मॅलिटी आहे, घर तात्पुरतं कंपनीच्या नावावर, म्हणजे बँकेला लिलाव करता येत नाही, तुम्ही इथेच राहणार, थोडं भाडं द्यायचं, सहा महिन्यांनी परत तुमच्या नावावर. ही म्हणाली लोन कुणाच्या नावावर राहणार? त्याने उत्तर दिलं नाही. म्हणजे घर त्यांचं आणि कर्ज आमचं. २०१७ पासून इथे घरांच्या किमती कुठच्या कुठे गेल्यात, त्याचा डोळा त्याच्यावर होता, ८०० डॉलर ही नुसती चहापाण्याची सोय. हिने सगळा गठ्ठा, माझ्या सह्या झालेल्यासकट, उचलून छातीशी धरला आणि म्हणाली वाचून सांगतो. नोटरी बाई आधी उठली. पोहे तसेच राहिले.

त्या रात्री आम्ही तो बिस्किटाचा डबा टेबलावर उपडा केला. मधल्या चार महिन्यांतली त्याने नेली होती ती सोडून सात पाकिटं निघाली. एकेक उघडलं आणि प्रत्येकात एक ओळ होती की हप्ता भरायला अडचण असेल तर सरकारमान्य हाउसिंग काउन्सेलरशी बोला, खाली फोन नंबर. सातही पत्रांत. पहिलं पत्र जानेवारी २०२३ चं होतं.

नंबर देऊन ठेवतो, सार्वजनिकच आहे: ८००-५६९-४२८७. हड म्हणजे इथलं केंद्राचं घरबांधणी खातं, त्यांनी मान्यता दिलेल्या स्थानिक संस्था आहेत, झिपकोड टाकला की जवळची सांगतात. दुसरा होप हॉटलाइन, ८८८-९९५-४६७३. घर जाण्याच्या प्रकरणात काउन्सेलिंगला पैसे लागत नाहीत. शून्य. इंग्रजीची भीती वाटत असेल तर दुभाष्या मागा.

आम्हाला जी संस्था मिळाली तिचं ऑफिस एका चर्चच्या तळघरात, हीटर खडखडणारा, भिंतीवर मुलांची चित्रं. मला वाटलं इथे काय होणार. काउन्सेलर बाई साठीच्या असतील. पहिला अर्धा तास त्यांनी घराबद्दल काही विचारलंच नाही, एक कोरा तक्ता घेतला आणि महिन्याला काय येतं, काय जातं ते एकेक ओळ. पगाराच्या तीस दिवसांच्या स्लिपा, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंटं, टॅक्स रिटर्न, लाइटबिल. भारतात आईला पाठवतो ते ३०० पण लिहिलं, मी म्हटलं हे कमी करू का, तर म्हणाल्या खरं ते लिहायचं, मग बघू. भिशी म्हणजे काय हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. केबल मात्र त्यांनी तिथल्या तिथे कापायला लावली.

मग आमची सही घेऊन त्यांनी बँकेला, म्हणजे लोनचे हप्ते जी कंपनी घेते तिला, स्पीकरवर फोन लावला आणि लॉस मिटिगेशन डिपार्टमेंट, म्हणजे थकलेल्या कर्जावर तोडगा काढणारा विभाग, मागितलं. हे शब्द लक्षात ठेवा, साधा कस्टमर केअर काही कामाचा नाही. पहिला प्रश्न, यांच्या वतीने आधी कुणी अर्ज केलाय का? पलीकडची मुलगी म्हणाली, कुणीच नाही, एकही कागद आलेला नाही, एक फोनसुद्धा नाही. चार महिने. मी हिच्याकडे बघू शकलो नाही.

बाईंना मी पैशाचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की २०१० पासून फेडरल नियमच आहे, बँकेची लेखी ऑफर आणून देऊन तुम्ही ती स्वीकारेपर्यंत असल्या कंपन्यांना एक सेंट घेता येत नाही आणि बँकेशी बोलू नका असंही सांगता येत नाही. वकिलांना थोडी सवलत आहे, म्हणून तर नावात लॉ घालतात. काही जण डीड न घेता तुमच्या नावाने परस्पर बँकरप्सी म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज टाकतात म्हणे, लिलाव तात्पुरता थांबतो, तुम्हाला वाटतं काम झालं, आणि क्रेडिट गेलं खड्ड्यात.

अजून एक गोष्ट मला तिथेच कळली. हप्ता चुकला की लगेच केस होत नाही, १२० दिवसांच्या वर थकल्याशिवाय बँक साधारणपणे कोर्टात जाऊ शकत नाही. ते चार महिने याच कामासाठी असतात, आणि ते मी डब्यात घातले. लिलावाच्या तारखेला ३७ दिवसांहून जास्त वेळ असताना पूर्ण अर्ज गेला तर त्याचा निकाल लागेपर्यंत बँकेला लिलाव करता येत नाही. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. एक पान कमी असलं की अर्ज अपुरा. आमचा दोनदा परत आला, एकदा तर बँक स्टेटमेंटचं शेवटचं कोरं पान जोडलं नव्हतं म्हणून. बाईंनी वैतागून फॅक्सची पावती फाइलला पिन केली आणि परत पाठवलं.

जून २०२४ मध्ये मार्ग निघाला. पार्शियल क्लेम म्हणतात. मागची सगळी थकबाकी, बँकेच्या वकिलाच्या खर्चासकट सुमारे ४३ हजार डॉलर, बाजूला काढून घरावरच वेगळं कर्ज म्हणून ठेवली, त्याला व्याज नाही, महिन्याचा हप्ता नाही, घर विकताना किंवा लोन संपताना द्यायची. माफ नाही झाली, हे नीट समजून घ्या, डोक्यावर आहेच. पण केस मागे घेतली आणि जुना २,१४० चा हप्ता परत सुरू झाला. १,४०० वगैरे काही नाही. हे एफएचए लोनचं झालं, आणि नियम बदलत असतात, तेव्हा तुमचं काय बसतं ते काउन्सेलरलाच विचारा, माझं बघून ठरवू नका.

५,७०० परत मिळाले नाहीत. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार केलीय, कंपनीचा फोन बंद आहे. आपला माणूस म्हणतो की मी फक्त ओळख करून दिली, माझाही विश्वासघात झाला. असेल. पण मग परवा रांगेत त्या ताईंना काय सांगत होता?

भावाला शेवटी त्या जुलैमध्ये सांगितलं, त्याच्या घरी जाऊन. मला वाटलं चिडेल. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग वहिनीकडे बघून म्हणाला, सांगू का याला? कोविडमध्ये त्याचा जॉब गेला होता तेव्हा त्यानेही हप्ते थांबवून घेतले होते, वर्षभर, आणि तोही एका काउन्सेलरकडे जायचा. त्याच चर्चच्या तळघरात. मी विचारलं मला का नाही बोललास. म्हणाला, तुला आणलं मी, तुला काय सांगणार?