अँटिबायोटिक चालू असताना काय घ्यावं: वाटीभर दही, कॅप्सूल की यीस्टची पुडी?

आतड्यातले मूळ रहिवासी जिवाणू जागा आणि अन्न आधीच बळकावून बसलेले असतात, म्हणून रोगजंतूंना शिरकाव मिळत नाही. शिवाय ते पित्ताम्लांचं रूप बदलतात आणि त्यामुळे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जंतूची वाढ रोखली जाते. अँटिबायोटिकनं ही राखण उठते. १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत उंदरांना साल्मोनेला बाधायला सुमारे १ लाख जंतू लागत. स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्यावर १० सुद्धा जास्त झाले.

यातले बरेचसे राखणदार ऑक्सिजनमध्ये तगत नाहीत. दही किंवा नेहमीच्या कॅप्सूलमधून मिळते ती बदलीवरची मंडळी.

दही स्वस्त आणि अंगवळणी पडलेलं. पण विरजणात कोणते जिवाणू हे घरोघरी वेगळं, आणि ते आतड्यात मुक्काम करत नाहीत. कढी उकळली की तेही मेले. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकसोबत मात्र दही नकोच. दह्यातलं कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं आणि गोळी अर्धवटच लागू पडते. गोळी दह्याच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या.

लॅक्टोबॅसिलस या उपयोगी जिवाणूची कॅप्सूल अँटिबायोटिकपासून २ तास लांब ठेवा, नाहीतर तिच्यातले जिवाणूही मरतील. वेष्टनावर जिवाणूच्या वाणाचं पूर्ण नाव नसेल तर पैसे वाचवा. एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही.

सॅकरोमायसेस बुलार्डी हे यीस्ट, त्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारत नाही. मोठ्यांना सहसा २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर हे यीस्ट वाया जातं. प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला देऊ नये, त्याच्या खाटेजवळ पुडी फोडूही नये. यीस्ट रक्तात उतरू शकतं.

धडधाकट माणसाला पाच दिवसांच्या अमॉक्सिसिलिनसाठी दहीभात पुरे. पासष्टीपुढचा रुग्ण क्लिंडामायसिन किंवा सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकवर असेल, तर पहिल्या दोन दिवसांतच डॉक्टरांना बुलार्डीबद्दल विचारा.

कोर्स संपल्यावर महिनोन्‌महिने कॅप्सूल गिळू नका. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८च्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर ११ वाणांचं मिश्रण घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले. त्यापेक्षा ज्वारी, डाळी, पालेभाज्या खा.

शौचात रक्त, ताप किंवा दिवसातून तीनहून जास्त पातळ जुलाब झाले, तर जुलाब थांबवणारं लोपरामाइड मनानं घेऊ नका. क्लॉस्ट्रिडियमचा त्रास कोर्सनंतर काही आठवड्यांनीही उपटतो, म्हणून डॉक्टरांना जुन्या गोळ्यांचं नाव सांगा.