अ‍ॅलर्जीची सर्दी: ब्रोमेलेनच्या गोळ्या की नाकातला स्प्रे?

रोज स्टेरॉइडचा स्प्रे मारायला मन घेत नाही, आणि अननसातलं एन्झाइम ‘नैसर्गिक’ म्हणून जवळचं वाटतं. निवड करायची तर आधी पुरावा बघावा.

ब्रोमेलेन म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांचं मिश्रण. गोळ्यांसाठी ते मुख्यतः अननसाच्या खोडातून काढतात, त्यामुळे फळ खाऊन तोच परिणाम मिळेल असं धरू नये. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात अ‍ॅलर्जीचा दमा निर्माण केलेल्या उंदरांना ते दिलं, तेव्हा श्वासमार्गातल्या इओसिनोफिल पेशी (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) घटल्या. हे आशादायक आहे, पण ते उंदीर होते. माणसांवरचा बराचसा अभ्यास सायनसच्या सुजेवर झालाय. जर्मनीतल्या ११६ मुलांच्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रोमेलेन घेणारी मुलं थोडी लवकर बरी झाली. मात्र कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दुखणं होतं अचानक सुजलेल्या सायनसचं. तो निष्कर्ष परागकण किंवा धुळीच्या अ‍ॅलर्जीला लावणं मला पटत नाही.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारख्या स्प्रेंची तुलना मात्र खऱ्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णांत औषध नसलेल्या, दिसायला तशाच स्प्रेशी (प्लासिबोशी) वारंवार झाली आहे. शिंका, वाहणारं नाक, चोंदलेपण, तिन्ही कमी होतात. पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे लागतात. पुष्कळजण त्याआधीच कंटाळून सोडतात. नाक कोरडं पडणं, कधी रक्त येणं हे त्रास होतात. स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला वळवलं तर ते कमी होतात. स्टेरॉइडच्या नावाने धडकी भरते हे समजतं, पण नव्या स्प्रेंमधलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं.

झटपट आराम हवा असेल तर सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीवरची गोळी आहे. चोंदलेल्या नाकावर ती कमी पडते.

‘नैसर्गिक’ म्हणून ब्रोमेलेन निर्धोकही नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर रक्तस्राव वाढू शकतो, अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. अननस किंवा लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावं. ब्रोमेलेनची भुकटी श्वासातून गेल्याने कामगारांना दमा झाल्याच्या नोंदी आहेत.

माझा कौल स्प्रेला. ब्रोमेलेन घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून, चालू उपचारांच्या जोडीला घ्या. दमा असेल तर इनहेलर त्यासाठी कधीही बंद करू नका.