पॅरिस-रुबे की फ्लँडर्स? ७० च्या दशकातली कुठली आधी बघायची

मित्राने विचारलं, बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्सच्या काळातल्या जुन्या सायकल रेस बघायच्यात, सुरुवात कुठून करू? फ्रान्सची पॅरिस-रुबे आणि बेल्जियमची टूर ऑफ फ्लँडर्स, दोन्हीत दगडी रस्ते, दोन्ही एका दिवसाच्या, पण मामला वेगळा.

रुबेला चढ जवळपास नाहीच, सगळा खेळ दगडांचा. १९६८ मध्ये मार्गात आरेनबर्गचं जंगल आलं (१९७४ ते १९८३ मध्ये मात्र नव्हतं), २ किमीहून जास्त सरळ रेषेत वाकडेतिकडे दगड, पाऊस असला की चिखल, कोरडं असलं की धूळ, आणि पंक्चर कधी होईल सांगता येत नाही. म्हणून नुसते पाय असून भागत नाही, सायकल हाताळता आली पाहिजे. बेल्जियमचाच डी व्लेमिंक इथे ४ वेळा जिंकला, मर्क्स ३ वेळा.

फ्लँडर्सला दगड चढावर. कोपेनबर्गची टेकडी १९७६ मध्ये मार्गात आली, २२ टक्क्यांपर्यंत चढ आणि अरुंद रस्ता, पुढचा एक थांबला की मागचे सगळे सायकल हातात धरून चालत, त्या वर्षी मर्क्ससुद्धा चाललाय! १९६९ ला मात्र त्याने पावसावाऱ्यात सुमारे ७० किमी एकट्याने मारून साडेपाच मिनिटांच्या फरकाने जिंकली होती.

पडापडी, नशीब आणि शेवटी वेलोड्रोममधला (सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकवरचा) फिनिश आवडत असेल तर रुबे. कोण कुठे अटॅक करतो, म्हणजे अचानक वेग वाढवून पुढे निसटतो, हे डोकं लावून बघायचं असेल तर फ्लँडर्स. मी तरी रुबेवाला.