अपाचे कॅमलचा आयडेम्पोटंट कन्झ्युमर: तीन वर्षं वापरून

सकाळी साडेसातला भोसरीच्या गोदामातून फोन आला. "मॅडम, ही ऑर्डर रात्रीच गाडीत चढवली. परत चलन कसं काय आलं?" ग्राहकाच्या सिस्टिमला आमची पोच वेळेत मिळाली नव्हती, म्हणून तिने तोच मेसेज पुन्हा पाठवला होता. त्यात त्यांची चूक नाही. दुसरा मेसेज ओळखून बाजूला काढणं आमचंच काम होतं. एका सिस्टिममधून दुसरीकडे मेसेज पोचवायला आम्ही अपाचे कॅमल हे सॉफ्टवेअर वापरतो. त्याच आठवड्यात त्यातल्या ऑर्डरच्या रूटवर, म्हणजे मेसेजच्या ठरलेल्या वाटेवर, आयडेम्पोटंट कन्झ्युमर बसवला: एकदा येऊन गेलेला मेसेज ओळखणारा भाग.

मेसेज कशावरून ओळखायचा आणि येऊन गेलेल्यांची नोंद कुठे ठेवायची, एवढंच त्याला सांगायचं. मला सगळ्यात आवडलं ते हे, की काम मध्येच फसलं तर नोंद तो स्वतः काढून टाकतो, म्हणजे तोच मेसेज पुन्हा आला की अडत नाही. पण सर्व्हरच मध्ये बंद पडला तर नोंद तशीच राहते आणि खरी ऑर्डर डुप्लिकेट ठरते. आमच्याकडे वीज गेल्यावर हे घडलंय. तेव्हापासून सर्व्हर उठला की अर्धवट ऑर्डरी आधी तपासतो.

नोंदी मेमरीत ठेवू नका. तिथली मूळ मर्यादा १,००० ची, आणि रीस्टार्ट केलं की सगळं पुसलं जातं. आम्ही जेडीबीसीवाली रिपॉझिटरी घेतली, म्हणजे नोंदी डेटाबेसमध्ये ठेवणारी. टेबल ती स्वतः तयार करते, पण आमच्याकडे तिने प्रोसेसरचं नाव (नोंद कोणत्या कामाची ते) आणि मेसेज आयडी या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदू न देणारा नियम, घातला नव्हता. आमचे सर्व्हर दोन. लोड टेस्टमध्ये दोघांनी एकाच मेसेजबद्दल एकाच क्षणी विचारलं, दोघांनाही "नवीन" असं उत्तर मिळालं. कन्स्ट्रेंट हाताने घातला, तेव्हा कुठे थांबलं. जुन्या नोंदीही आपल्यालाच काढाव्या लागतात. आमचा रात्रीचा जॉब ९० दिवसांपूर्वीच्या पुसतो.

मेसेज ज्यावरून ओळखायचा ती खूण, म्हणजे 'की' (key), निवडताना घाई नको. आम्ही नुसता ऑर्डर नंबर घेतला होता. ग्राहकाने ४० चे ६० नग केले, नंबर तोच, आणि सुधारित ऑर्डर गाळली गेली. आता नंबराला रिव्हिजन जोडतो.

डुप्लिकेट गुपचूप टाकूनही देत नाही. 'स्किप डुप्लिकेट' ही सेटिंग बंद ठेवलीय, त्यामुळे त्यावर फक्त डुप्लिकेट अशी खूण होते, आणि खूण झालेले मेसेज वेगळ्या यादीत जातात. ती यादी गोदामातल्या स्क्रीनवर दिसते. चलनाबद्दल शंका आली की सुपरवायझर आधी तिथे बघतात.