५१ तुकड्यांचा अपूर्णांक पट्ट्यांचा संच : सत्रभराच्या वापरानंतरचे परीक्षण

अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा, त्यांचा चढता-उतरता क्रम आणि सममूल्य अपूर्णांक हे तिन्ही घटक शिकवण्यासाठी घेतलेला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा एक संच मी पाचवीच्या वर्गात सत्रभर वापरला. त्यात नऊ रंगांचे ५१ तुकडे आहेत: एक अखंड पट्टी आणि तेवढ्याच लांबीचे दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा व बारा समान भाग. अखंड पट्टीची लांबी २४ सेंटीमीटर ठेवणाऱ्याने विचार केलेला दिसतो, कारण त्यामुळे तृतीयांश ८, चतुर्थांश ६, अष्टमांश ३ आणि बारावा भाग २ सेंटीमीटरचा येतो व मुलांना साध्या मोजपट्टीने तो पडताळून पाहता येतो. पंचमांश ४.८ आणि दशांश २.४ सेंटीमीटर एवढेच काय ते पूर्ण सेंटीमीटरात बसत नाहीत.

प्रत्येक तुकड्याच्या एका बाजूवर त्याचा अपूर्णांक छापलेला असून दुसरी बाजू कोरी आहे. खोक्यावरील मजकुरात या कोऱ्या बाजूचा उल्लेखही नाही, पण माझ्या मते संचातील सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीने १/४ छापलेले तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवले आणि वहीत ३/१२ असे उत्तर लिहिले. वरच्या तीन एकांची बेरीज ३ आणि खालच्या तीन चारांची बेरीज १२, असा तिचा सरळ हिशेब होता. समोर अखंड पट्टीचा बराच मोठा भाग झाकलेला दिसत होता, तरी छापील आकड्यांपुढे त्या लांबीकडे तिचे लक्षच गेले नाही. मी तुकडे उलटे करून ठेवायला सांगितले. आता तुकड्याचे नाव दिसत नसल्यामुळे ‘अखंड पट्टीत असे किती तुकडे बसतील?’ हा प्रश्न तिला स्वतःलाच विचारावा लागला, तिने चार तुकडे लावून पाहिले आणि छेदाचा अर्थ तिच्या हाताला कळला. त्यानंतर वर्गात नवा भाग सुरू करताना पट्ट्या उलट्याच ठेवायच्या आणि नाव शेवटी वाचायचे, असा नियम मी केला. ८ हा ४ पेक्षा मोठा म्हणून १/८ हा १/४ पेक्षा मोठा, ही ठरलेली चूकही उलट्या पट्ट्यांवर फारशी झाली नाही.

तुलनेसाठी हा संच खरोखर चांगला आहे आणि त्याचे कारण झाकलेल्या भागाइतकेच उरलेल्या भागातही आहे. ५/६ आणि ७/८ यांत मोठा कोणता, असे विचारले की काही मुले ठामपणे ‘दोन्ही सारखे’ म्हणतात, कारण दोन्हींत एकच भाग कमी आहे. पट्ट्या एकाखाली एक ठेवल्यावर एकीकडे ४ सेंटीमीटरची आणि दुसरीकडे ३ सेंटीमीटरची मोकळी जागा दिसते, आणि ज्यात कमी उरले तो मोठा हे मुले आपणहून बोलतात. (आपल्या ‘पाऊण’ या शब्दात हीच रीत आहे. तो ‘पादोन’ म्हणजे पाव भाग उणा यावरून आला आहे. ३/४ पेक्षा ‘एकाला पाव कमी’ हे मुलांना लवकर उमगते, असा माझा अनुभव आहे.) चढता क्रम लावतानाही पट्ट्यांचा उपयोग होतो. ३/४, ७/१२, २/३ आणि ५/८ हे चार अपूर्णांक मुलांनी लावले तेव्हा १४, १५, १६ आणि १८ सेंटीमीटरच्या पायऱ्या तयार झाल्या. हेच आकडे पुढे २४ हा समान छेद घेताना अंश म्हणून आले, आणि ‘छेद चोवीसच का घ्यायचा’ हे मला निराळे समजावून सांगावे लागले नाही.

तक्रार आहे ती दशांशाच्या तुकड्यांबद्दल. माझ्याकडच्या संचात दहाही तुकडे जोडल्यावर लांबी २४ सेंटीमीटर ३ मिलिमीटर भरते. १/२, २/४, ३/६, ४/८, ६/१२ अशी सममूल्य अपूर्णांकांची ओळ लावून झाल्यावर ५/१० ची पाळी आली, तेव्हा एका मुलाने सर्व पट्ट्यांच्या टोकांवरून नख फिरवले. ते ५/१० च्या कडेला अडकले आणि तो म्हणाला, “हा अर्ध्यापेक्षा जरासा मोठा आहे.” त्याचे निरीक्षण अचूक होते, कारण ती ओळ दीड मिलिमीटर पुढे आलीच होती. चूक पट्टीची आहे हे सांगताना मला अवघडल्यासारखे झाले, कारण महिनाभर मीच ‘पट्टी सांगेल ते खरे’ असे बजावत होतो.

या दोषाचा परिणाम सर्व घटकांवर सारखा होत नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे. या संचातील कोणत्याही दोन असमान अपूर्णांकांत कमीत कमी १/६० चा, म्हणजे २४ सेंटीमीटरच्या पट्टीवर ४ मिलिमीटरचा फरक असतो. ३/५ आणि ७/१२ किंवा ९/१० आणि ११/१२ या अशा जवळच्या जोड्या आहेत. दशांशाच्या संपूर्ण ओळीची चूक ३ मिलिमीटर असल्यामुळे लहान-मोठेपणाचे उत्तर एकदाही उलटे आले नाही. सममूल्यतेत मात्र टोक टोकाला तंतोतंत मिळावे लागते, आणि तिथे दीड मिलिमीटरही खटकतो. संच घेतल्यावर प्रत्येक रंगाची ओळ अखंड पट्टीला लावून पाहावी, आणि फरक आढळला तर संच त्याच दिवशी बदलून घ्यावा. मी तसे न करता वापर सुरू केला, आणि नंतर विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला.

सोबतची माहितीपुस्तिका न वाचलेली बरी. दुसऱ्याच पानावर ती तिरकस गुणाकाराची युक्ती देते, तीही कारणाशिवाय. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) समच्छेद करण्याची रीत सांगितली आहे ती परस्परांच्या छेदांनी अंश आणि छेद दोन्हींना गुणण्याची. तिरकस गुणाकार ही त्याच रीतीची छेद लिहायचे टाळलेली आवृत्ती आहे, एवढे एक वाक्य लिहिले असते तरी पुस्तिकेचा उपयोग झाला असता. डबा मजबूत आहे, रंग टिकाऊ आहेत. गुळगुळीत बाकावर तुकडे सरकतात, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरावे लागते.

संचात अखंड पट्टी एकच असल्यामुळे ५/४ सारखा अंशाधिक अपूर्णांक दाखवायला दुसरा संच हाताशी लागतो, आणि लहान वस्तूचा अर्धा व मोठ्या वस्तूचा अर्धा सारखे नसतात हे तर यावर दाखवताच येत नाही. सप्तमांश, नवमांश आणि अकरावा भाग मुळातच नाहीत. सप्तमांशाची उणीव आम्ही वर्गातच भरून काढली. २४ सेंटीमीटर लांबीची कागदाची पट्टी घेतली, वहीची जोडपाने उघडून एकाआड एक अशा आठ ओळी निवडल्या, पट्टीचे एक टोक पहिल्या ओळीवर आणि दुसरे आठव्या ओळीवर येईल अशी ती तिरकी ठेवली आणि मधल्या सहा ओळी जिथे तिला छेदतात तिथे खुणा केल्या. सात भाग समान झाले. मग ४/७ आणि ३/५ यांतील वाद मुलांनी त्या पट्टीवर सोडवला: ३/५ सुमारे ७ मिलिमीटरने पुढे होता. ती कागदी पट्टी आता त्याच डब्यात ठेवलेली असते, आणि छापील दशांशांपेक्षा मुलांचा तिच्यावर अधिक विश्वास आहे.