देवगिरी: बारादरी गाठायची घाई नसेल तरच जा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की साधारण 15 किलोमीटरवर देवगिरी उर्फ दौलताबाद लागतो. बहुतेक गाड्या इथे तासभर थांबतात. चाँदमिनारपाशी फोटो, धापा टाकत माथ्याजवळचा बारादरी महाल, की चला पुढे. असा पाहिला तर हा किल्ला म्हणजे साडेसातशेच्या आसपास पायऱ्या, बाकी काही नाही. पण किल्ला लढायचा कसा हे समजून घ्यायचं असेल, तर महाराष्ट्रात याच्या तोडीचा दुसरा सांगता येणार नाही. तीन तास राखून ठेवा आणि हल्लेखोराच्या नजरेने चढा.

अंबरकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा तट, रस्त्यावरच ओलांडला जातो. खरी सुरुवात त्याच्या आतल्या तटाच्या, महाकोटाच्या, दरवाजांपासून. आत शिरलं की वाट सरळ जातच नाही. वळते, तटांनी वेढलेल्या चौकात येते आणि पुन्हा दरवाजा. दार फोडायला हत्तीला धाव घ्यावी लागते, इथे धाव घ्यायला जागाच ठेवलेली नाही. त्यात फळ्यांवर लांब लोखंडी खिळे. चौकात अडकलेल्या तुकडीवर चारी बाजूंनी मारा व्हायचा. लोक नेमके इथूनच भराभर पुढे जातात.

कालाकोट या आतल्या तटानंतर खंदक, कातळात खोदलेला. डोंगराची बाजू सुमारे 50 मीटरपर्यंत अशी उभी तासली आहे की शिडी टेकायची सोय नाही. जुना दगडी पूल मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवलेला आहे. खंदकातलं पाणी चढवलं की तो बुडायचा. आता आपण वरच्या पुलावरून जातो, म्हणून तो नजरेतून सुटतो. कठड्याशी थांबून खाली बघा.

पुढे अंधारी. कातळातला वळणावळणाचा जिना, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या. मध्येच उजेड दिसतो आणि पाय तिकडे वळतात, पण तिथून थेट खंदकात. वरचं तोंड लोखंडी झाकणाने बंद करून त्यावर निखारे पेटवायचे, की धूर आत कोंडायचा. वटवाघळांचा वास मात्र आजही शत्रूला पुरेल इतका आहे.

अंधारीआधीच्या बुरुजावरची मेंढा तोफ चुकवू नका. मागचं टोक मेंढ्याच्या डोक्याचं, अंगावर ‘किला शिकन’ (किल्ला फोडणारी) हे नाव कोरलेलं.

एवढं करूनही किल्ला पडला, तो पोटामुळे. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजी आला तेव्हा यादवांची मुख्य फौज बाहेर होती, आणि घाईत वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं असं सांगतात. 1633 मध्ये मुघल सरदार महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले, आतली रसद संपली आणि निजामशाहीच्या मलिक अंबरच्या मुलाने, फतेहखानाने, किल्ला सोडला. पाण्याची सोय चोख होती; हत्ती हौद पाहिला की पटतं. धान्याला तसा कायमचा झरा कुठून आणणार?

माथ्याजवळ एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांची गुहा आहे. ते इथले किल्लेदार होते, तेव्हा वारकरी घरातल्या थोरांना वर जायचंच असतं. गुडघे दुखत असतील त्यांनी मेंढा तोफेपर्यंतच जावं. पाहण्यासारखं बरंचसं तोवर होऊन जातं. अंधारीसाठी मोबाइलपेक्षा वेगळी टॉर्च बरी, एक हात मोकळा राहतो. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, चपला नकोत. वेरूळ त्याच दिवशी करणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या इथे पोचा. वेरूळ आधी उरकून दुपारी इथे आलात, तर उन्हात बारादरीपर्यंत दम टिकत नाही.